मुक्या पाण्यातली खूण

प्रिय बगळे,

अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तर पडू दे. तुला पुन्हा पत्र लिहायचं नाही अशी मी शपथ घेतली होती आणि इतकी वर्षं ती इमानाने पाळलीही. तू कुठे राहतेस, काय करतेस, केस पिकले की रंगवतेस, मी कुणाकडे चौकशीसुद्धा केली नाही. पण गेल्या काही महिन्यांत असं काही घडत गेलं की मला आधी एकीचा संशय आला, मग सगळ्यांचा, आणि शेवटी तुझा. संशय आला की मला गप्प बसवत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा नीट वाच, मधेच डोळे मिटून घेऊ नकोस. आणि ज्या हातांनी हे पत्र तुझ्यासमोर धरलंय त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना यातलं काही माहीत नाही.

आधी माझी खबरबात. चष्म्याचं दुकान आहे तिथेच आहे, बाबांच्या मागे मीच चालवते. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे नजर तपासायची लांबट खोली. रविवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवणं उरकली की मी भिंगांचा ट्रे कपाटात सारते, टेबल खोलीच्या मधोमध ओढते आणि आमचा खेळ मांडते. हो, तोच. बेकरीवाला येतो, कालचे पाव आणतो आणि ताजे म्हणून खपवतो. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर येतात, ते घरातसुद्धा मैदानावर उभं असल्यासारखे बोलतात. बेकरीवाल्याच्या बायकोची पक्की खात्री आहे की आम्ही जुगार खेळतो. दर वेळी विचारते, आज कोण जिंकलं? मी सांगते, अगं बाई, यात कुणी जिंकत नाही. मी गोष्ट चालवते, हे लोक त्यात आपापलं पात्र होऊन उतरतात, आपण काय करणार ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. ती म्हणते, फासे आहेत ना, मग जुगारच. तिच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

आणि उतरतो ते गाळवनातच, दुसरीकडे कुठे जाणार? वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत वरच्या टाकीचं पाणी झिरपून भिंती हिरव्या पडल्या होत्या, आणि तू पलंगावर एका पायावर उभी राहून जाहीर केलंस की ही खोली नव्हेच, ही दलदल आहे आणि आपण इथल्या मूळच्या रहिवासी. तेव्हापासून तू बगळी आणि मी म्हैस. तू दलदल बोलत गेलीस, मी तिच्यात शिरत गेले. पुढे मी बोलायला लागले आणि तू शिरायला लागलीस. वेताच्या तराफ्यांवरची गावं तुझी. जळवांचे व्यापारीही तुझे, वाट दाखवतात आणि मोबदल्यात तुमची एखादी आठवण शोषून घेतात. कासवाच्या पाठीवरचं गाव माझं, ते अधूनमधून बुडी मारतं आणि गावकरी नाक धरून बसतात. आता मी त्यात दिशा विकणारे दिवे घातलेत. चुकीची दिशा स्वस्त, बरोबर दिशा महाग, आणि आपण कुठली घेतली ते चालायला लागल्यावरच कळतं. पीटीचे सर दर वेळी घासाघीस करतात आणि दर वेळी गळ्यापर्यंत रुततात. पण तुझा नियम मी मोडलेला नाही. दलदलीतल्या वाटा सरकतात, म्हणून कागदावर काही उतरवायचं नाही, सगळं तोंडी सांगायचं आणि तोंडीच ठेवायचं. त्यामुळे गाळवन कुठे लिहिलेलं नाही की छापलेलं नाही. ते माझ्या डोक्यात आहे आणि तुझ्या. कुणी ऐकून उचललं तर माझं आहे हे मी कशाच्या आधारावर सांगणार? ही धाकधूक मला कायम असते. स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही गं.

त्यातही मुकं पाणी. तुझी सगळ्यात दुष्ट आणि सगळ्यात सुंदर करामत. काळंभोर, सपाट पाणी, त्यावर तरंग नाही, आणि तळाशी बसलेला ऐकणारा. तोंडातून एक शब्द निसटला की तो माणसाला खाली ओढतो. तिथे पोचलो की टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी खरोखर गप्प बसायचं, खोकलासुद्धा गिळायचा, आणि जे काय सांगायचं ते टेबलावर बोटांनी वाजवून. एक टिचकी म्हणजे इथे पाय टेकतोय. नखाचा ओरखडा म्हणजे माघारी फिरा. मूठ आपटली म्हणजे हात दे. बेकरीवाल्याच्या जाड बोटांना आधी जमत नव्हतं, आता गिऱ्हाईकाशी बोलतानाही तो काउंटरवर टकटक करत असतो.

तर आमच्या या टेबलावर मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी येऊन बसली. दुकानाच्या काचेवर मी चिठ्ठी लावली होती, गाळवनात उतरायला एक धाडसी माणूस हवं आहे, रविवार दुपार. ही चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली होती. चिठ्ठीसमोर इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं काचेत केस नीट करतेय. मग आत येऊन तिने विचारलं, हे गाळवन कुणाचं? मी म्हटलं, माझं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. रविवारी मात्र हजर. जवळच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे, एवढं सांगितलं. घर कुठलं, घरी कोण, हे विचारलं की ताकास तूर लागू द्यायची नाही. दर रविवारी थेट बस स्टँडवरून यायची, मांडीवर फुगलेली पिशवी घेऊन, आणि कितीही आग्रह केला तरी ती पिशवी खाली ठेवायची नाही. सोन्याचा हंडा सापडला, हिला नको. कासवाच्या गावच्या पाटलाने मेजवानीला बोलावलं, हिला वेळ नाही. दर वेळी एकच हेका, मुक्या पाण्याकडे चला. जिथे जायला भलेभले टरकतात तिथे हिला पुन्हा पुन्हा जायचं असतं, आणि गेलं की टेबलाखाली फोनवर काहीतरी टिपत राहायचं असतं. कुठेतरी पाणी मुरतंय हे कुणालाही दिसलं असतं, मी तर चष्मेवाली.

सरांचं म्हणणं, पिशवीत रेकॉर्डर आहे. बेकरीवाल्याचं म्हणणं, ही खेळ बनवणाऱ्या कंपनीची माणूस आहे, हल्ली दुकानांत असले खोके दिसतात, वर चिखलातून निघालेला हात वगैरे, आणि त्या लोकांना दर वर्षी नवी दलदल लागते. मी दोघांना दटावलं, पण माझ्याही मनात तेच होतं. तिला तोंडावर विचारावं तर ती सरळ उठून जाईल आणि घ्यायचं ते घेऊन गेलेली असेल. मग मी सापळा लावला. गोष्ट सांगताना तराफ्यांवरच्या गावांची नावं मुद्दाम चुकीची घेतली. बेकरीवाल्याला पत्ता लागला नाही, सरांनाही नाही. हिच्या भुवया मात्र दर चुकीच्या नावाला वर जायच्या. म्हणजे बरोबर नावं हिला आधीपासून ठाऊक होती, आणि मी तर ती तिला कधीच सांगितली नव्हती.

आणि मग तो रविवार. तिचं पात्र म्हणजे शिंपले वेचणारी एक बाई, मुक्या पाण्यात छातीपर्यंत रुतलेली. बाकीचे दोघे काठाला लागलेले. खोलीत चिडीचूप. तिने त्या दोघांकडे पाहिलंच नाही, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि टेबलावर दोन बोटांनी दोनदा वाजवून तळहात सपाट टेकवला. बगळे, माझ्या हातातले फासे सांडले. बेकरीवाला बावळटासारखा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्याला ती खूण माहीतच नाही. असणार कशी? तू गेल्यावर ती मी खेळातून काढून टाकली, कुणाला शिकवली नाही. ती खूण येणारी माणसं जगात दोनच. मी म्हटलं, आज इथेच थांबू या, आणि तेही मुक्या पाण्याच्या मधोमध, मोठ्याने. सर अजून भांडतात की मी बोलले म्हणजे नियमाने सगळ्यांना बुडवायला हवं होतं.

तेव्हा माझी खात्री पटली की हे तुझं काम आहे. तुझं निघायच्या दिवसाचं बोलणं मी विसरलेले नाही. ट्रंकेवर बसून तू म्हणालीस की म्हशी, पुरे झाला आता हा पोरखेळ, मोठी हो जरा, गाळवन तुझं तुला ठेव. मी ठेवलं. एकटीने जपलं, वाढवलं, आणि आता इतक्या वर्षांनी तुला तुझा वाटा आठवला, स्वतः यायचं धाडस नाही म्हणून कुणा पोरीला पुढे केलंस, असा हिशेब मी मांडला. पुढचे दोन दिवस मी गिऱ्हाइकांना भलत्याच फ्रेमा दाखवत होते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. तुझ्या बाजूचंही मीच बोलत होते, त्यामुळे तू सारखी हरत होतीस.

मग मी तिला निरोप पाठवला की तुझ्या चष्म्याचा नंबर बदलला असावा, येऊन तपासून घे. खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड गोल फ्रेम नाकावर चढवली, एका डोळ्यावर झाकण घातलं. बाबा म्हणायचे की त्या अवतारात माणसाला खोटं बोलणं जमत नाही. मी दिवा मालवला आणि सरळ विचारलं की बाई, तुला कुणी पाठवलं, कंपनीने की बगळीने? तिने फ्रेम ओरबाडून काढली आणि उलट माझ्यावरच तुटून पडली. म्हणाली, चोर तुम्ही आहात. ही दलदल माझ्या आईची आहे. लहानपणी रोज झोपताना आईने मला सांगितलेली, एकूण एक गाव, एकूण एक जळू, आणि तुम्ही काचेवर चिठ्ठी लावून स्वतःची म्हणून मिरवता! तिचा आवाज चिरकत होता, आणि एवढ्या रागातही ती एक पाय दुसऱ्या पायाच्या पोटरीला टेकवून उभी होती. तिने रिकामी केलेल्या खुर्चीत मग मीच बसले.

म्हणजे इतके महिने मी तिच्यावर पाळत ठेवून होते आणि ती माझ्यावर. मी चुकीची नावं घेतली की तिला वाटायचं, बघा, चोरलेलं आहे म्हणून हिला धड येतही नाही. पिशवी तिने आपणहून टेबलावर उपडी केली. त्यातून तुझे गाऊन निघाले. इथल्या शिंप्याकडून उजवी बाही खांद्यापासून उसवून बंद लावून घ्यायला आणलेले, कारण तुझा तो हात वर होत नाही.

मग तिने सगळं सांगितलं. अर्धांगाचा झटका, दीड वर्षं होईल आता. उजवी बाजू गेली, जीभ वळत नाही, पण समजतं सगळं आणि वाचतेसही. आणि हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या नवऱ्याकडून नाही, चष्म्याच्या खुर्चीशेजारी एका अनोळखी पोरीकडून कळावं? मी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग पुन्हा रडले. ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली. नंतर म्हणाली, आईच्या गोष्टीत एक म्हैस होती. चिखलात कुणीही रुतलं की ती यायची, शेपटी धरायला सांगायची आणि ओढून काढायची. मी म्हटलं, ती मीच. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाकारण्यासारखं तिला काही सापडलं नाही. पोरखेळ म्हणालीस ना गं तू? आणि रोज झोपताना पोरीला तेच भरवलंस. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते मी समोरासमोर कबूल करणार नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

मुकं पाणी मात्र तू तिला कधी सांगितलं नाहीस, पोर घाबरेल म्हणून असेल. त्यामुळे खुणा तिने पहिल्यांदा पाहिल्या त्या माझ्या टेबलावर, आणि ती हादरली. कारण दीड वर्षं तू डाव्या हाताने पलंगाशेजारच्या स्टुलावर हेच वाजवते आहेस. डॉक्टर म्हणाले, हाताची चाळवाचाळव आहे. तुझा नवरा म्हणाला, करमत नाही तिला. अक्षरांचा तक्ता समोर धरला तर तू ढकलून देतेस, पेन बोटांत दिलं तर टाकून देतेस. ही पोर एकटीच म्हणत राहिली की आई काहीतरी बोलतेय, आणि कुणी तिचं मनावर घेईना. माझ्याकडे येऊन ती एकेक खूण शिकत गेली, टेबलाखाली टिपून नेत गेली. तू मूठ आपटलीस की ती हात धरायला लागली, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. पण जी खूण तू सगळ्यात जास्त करतेस, दिवसातून कितीतरी वेळा, तीच आमच्या खेळात कधी येईना. शेवटी तिने ती स्वतःच केली, माझा चेहरा काय सांगतो ते बघायला.

तिने विचारलं, त्या खुणेचा अर्थ काय? आणि मी, बगळे, तिच्या तोंडावर सरळ खोटं बोलले. म्हटलं, खिडकी. उघडी असेल तर लावा, लावलेली असेल तर उघडा. ती इतकी खूश झाली की तिने तिथूनच तिच्या बाबांना फोन केला. तेव्हा हल्ली तू खूण केलीस की धाडकन खिडकी उघडते आणि पुन्हा केलीस की बंद होते, ती माझी कृपा. शिव्या घाल, माझी हरकत नाही. पण खरं काय ते मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? की पोरी, तू आईला भरवतेस तेव्हा, तुझे बाबा तिची कूस बदलतात तेव्हा, तुझी आई एकच म्हणत असते, मी रुतले, मला सोडा, तुम्ही पुढे व्हा. मला तर दाट संशय आहे की तू तक्ता ढकलतेस तो यासाठीच. तुला हे म्हणायचं तर आहे, पण त्यांना कळू द्यायचं नाही. म्हणून हे पत्र. म्हणून ते चिकटवून पोरीच्या हाती दिलंय आणि तिला बजावलंय की मजकूर तुझ्याकडे करून धरायचं, स्वतः बघायचं नाही. आठव जरा. मुक्या पाण्यात तू ती खूण केलीस की नियमाने मी पुढे जायला मोकळी असायची. एकदा तरी गेले का? तुला ओढायला मागे फिरायचे, दोघी बुडायचो, आणि तू चिडून म्हणायचीस की म्हशी, तुला काडीची अक्कल नाही. अजूनही नाही. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने मी पोरीबरोबर येतेय, फासे घेऊन, आणि फासे डाव्या हाताने टाकलेले चालतात. भूक लागली, दुखतंय, कंटाळा आला, नवऱ्याला जरा बाहेर काढा, तू म्हणशील त्या सगळ्या खुणा मी तुझ्या घरच्यांना शिकवते. ही एक सोडून. ही आता जगात मला एकटीलाच कळते, आणि मला ती मान्य नाही.

तुझीच,
म्हैस